गडावरचें राखीव पाणी

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलें कीं थोड्याच वेळांत कर्नाळ्याचा सुळका दिसूं लागतो. कोणी अंगठा उभा करून खूण करीत असावें, तशी त्याची आकृति. श्रोतेहो, या गडाच्या लढायांचा इतिहास आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तो मोगलांकडे गेला, १६७० मध्यें मराठ्यांनीं परत घेतला, आणि १८१८ सालीं कर्नल प्रॉथरनें तो इंग्रजांसाठीं जिंकला. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा येथले किल्लेदार होते, हेंहि आपण वाचलें असेल. परंतु आज मी तोफा-तरवारींविषयीं बोलणार नाहीं. त्या सुळक्याच्या तळाशीं खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं आहेत, त्यांच्याविषयीं बोलणार आहें. डोंगरांत जाणाऱ्यानें काय तयारी ठेवावी, हें त्या टाक्यांइतकें स्पष्टपणें दुसरें कोणी सांगत नाहीं.

कोंकणांत पाण्याची टंचाई म्हटली कीं देशावरचे पाहुणे हंसतात. चार महिने येथें पाऊस कोसळतो, हें खरें. पण सह्याद्रीचा काळा पाषाण तें पाणी फारसें धरून ठेवीत नाहीं. ओढे धांवत खाडीला मिळतात, आणि होळी झाली कीं डोंगरमाथ्यावर ओंजळभर पाणी मिळणें कठीण. म्हणून जुन्या लोकांनीं खडकाच्या पोटांत टाकीं खोदलीं. कांहीं गडांवर आंत खांब राखून वर खडकाचेंच छत ठेविलें, म्हणजे उन्हानें पाणी आटूं नये. अशा टाक्याला खांबटाकें म्हणतात.

यामागचा विचार रामचंद्रपंत अमात्यांनीं आपल्या आज्ञापत्रांत लिहून ठेविला आहे. हा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा. राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हां महाराष्ट्रांत राहून मोगलांशीं झुंज चालविणाऱ्या प्रमुखांपैकीं अमात्य हे एक. अडचणीचे दिवस त्यांनीं स्वतः काढलेले, त्यामुळें त्यांच्या दुर्गप्रकरणांत पोकळ उपदेश नाहीं. त्यांचें सांगणें असें कीं, गड बांधण्याआधीं पाणी पाहावें. पाणी नसेल आणि स्थळ तर सोडतां येत नसेल, तर आधीं खडक फोडून टाकीं करावींत. मग ते एक शंका काढतात, आणि तीच मला फार मोलाची वाटते. झरा आहे, पाणी पुरतें, म्हणून स्वस्थ बसूं नये; युद्धांत तोफांच्या धडाक्यानें झरे आटतात आणि पाण्याचा खर्चहि वाढतो. म्हणून राखीव पाण्याचीं दोन-चार टाकीं वेगळीं असावींत, आणि तें पाणी एरवीं खर्चूं नये. तोफेनें झरा खरोखर आटतो कीं नाहीं, याचा निर्णय भूगर्भशास्त्रज्ञांनीं करावा. ज्याचा भरंवसा वाटतो तेंच ऐन वेळीं दगा देईल, असें धरून चालणारा हा माणूस मला मोठा वाटतो.

गडाला एकच दरवाजा असणें हा त्यांच्या मतें मोठा दोष. आणखी दरवाजे व चोरदिंड्या असाव्यात. झाडपाल्याचे वैद्य, शस्त्रवैद्य, जखमा बांधणारे, हेहि गडोगडीं हवेत.

पाणी आणि परतीची वाट, या दोन गोष्टी विसरल्यास काय होतें, तें पाहावयाचें तर खोपोलीपलीकडे उंबरखिंडींत जावें. १६६१ च्या फेब्रुवारींत शाइस्तेखानानें पुण्याहून पाठविलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन कुरवंड्याच्या घाटानें कोंकणांत उतरूं लागला. वाट अरुंद, दोन्हीं बाजूंना दाट रान. कवींद्र परमानंदानें शिवभारतांत हा प्रसंग वर्णिला आहे: त्या अरण्यांत वारा नाहीं आणि सैन्य तहानेनें व्याकूळ. शिवाजी महाराजांनीं पुढची व मागची वाट आधींच अडविली होती. खानाजवळ शस्त्रें, सामान, पैका, कशाचीच वाण नव्हती. पाणी नव्हतें, आणि मागें फिरतां येत नव्हतें. फौजेबरोबर असलेल्या रायबागन या माहूरकर सरदारणीनें त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला, आणि खंडणी देऊन तो सुटला.

खानाला हंसण्याचा अधिकार मात्र मला नाहीं. चाळीस वर्षांपूर्वीं, मी नुकताच शिक्षक झालों होतों तेव्हां, एप्रिलांत बत्तीस मुलें घेऊन कर्नाळ्यावर गेलों. गडावर टाकीं आहेत हें ठाऊक होतें, म्हणून दोन कळशा पाण्यावर निघालों. अर्ध्या चढणींतच त्या रिकाम्या झाल्या. वर पोंचलों तों टाक्यांतलें पाणी खालीं गेलेलें, त्यावर हिरवा तवंग, आंत पाला कुजलेला. तरीहि सुळक्याच्या सावलींत मुलांना बसवून मीं अमात्यांच्या राखीव पाण्यावर अर्धा तास व्याख्यान दिलें!

उतरतांना एका मुलाचा घाम थांबला, अंग तापलें, तो असंबद्ध बोलूं लागला आणि बसला तो उठेना. करवंदांची पाटी घेऊन उतरणारी एक कातकरी बाई थांबली. तिनें त्याला झाडाखालीं नेलें, सदरा काढला, जवळच्या पाण्यानें फडकें भिजवून मान, काखा, पोट पुसलें, पळसाच्या पानांनीं वारा घातला. मी त्याच्या तोंडांत पाणी ओतायला निघालों, तर तिनें माझा हात धरला. नीट शुद्धीवर येईपर्यंत पाजावयाचें नसतें, घशांत अडकतें. तिचा मुलगा तोंवर एका घळींतल्या झऱ्याकडे धांवला होता. तो झरा माझ्या नकाशांत नव्हता.

मुलगा पनवेलच्या दवाखान्यांत संध्याकाळपर्यंत सांवरला. रात्रीं मी त्याच्या घरीं गेलों. त्याची आई रागावून कांहींच बोलली नाहीं. “गुरुजी, बत्तीस पोरं नेलीत, पाणी किती नेलं होतंत?” एवढेंच तिनें विचारलें. “दोन कळशा,” मी म्हणालों. ती आंत गेली आणि चहा घेऊन आली.

सहली मीं सोडल्या नाहींत. पुढें प्रत्येक मुलाजवळ दोन लिटर पाणी असे, आणि त्याखेरीज एक कळशी तोंड बांधून माझ्या ताब्यांत. कोणत्या वाटेनें जाणार, कधीं परतणार, हें लिहून शाळेंत ठेवीत असें. गळ्यांत शिटी. संकटांत मिनिटाला सहा वेळां ती वाजवावी, मिनिटभर थांबावें, पुन्हां वाजवावी. ही खूण आल्प्स पर्वतांत चढणाऱ्यांनीं ठरविलेली. आमच्या गडांवर शिंगें वाजत, त्यांतलाच हा प्रकार. आतां भ्रमणध्वनीवर ११२ हा क्रमांक फिरवितां येतो. परंतु घळींत त्याचा आवाज पोंचेलच असें नाहीं. कर्नाळ्याच्या सुळक्यावर मधमाशांचीं पोळीं असतात, तेथें धूर, अत्तर आणि आरडाओरड वर्ज्य, हेंहि मुलांकडून वदवून घेत असें.

पुढच्या वर्षीं त्या बाईच्या वाडीवर जाऊन तिच्या नवऱ्याला वाटाड्या म्हणून घेतलें. तो आधीं एकटाच घळ पाहून आला. “झरा आहे गुरुजी, पण बारीक झालाय,” तो म्हणाला. “पोरांना इथूनच मागं फिरवा.” मुलें हिरमुसलीं, पण आम्हीं अर्ध्या वाटेवरूनच परतलों. बांधलेली कळशी भरलेलीच शाळेंत आली. तिचें पाणी मुलांनीं अंगणांतल्या आंब्याच्या रोपाला घातलें.