चांदबिबी: तटावरची आणि तहातली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सातवीत असताना नाशिकहून आमची सहल नगरला गेली होती. डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी इमारत दाखवून गुरुजी म्हणाले, 'हा चांदबिबीचा महाल.' पुढे कळले, ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. पण लोक ऐकत नाहीत. २०२४ मध्ये नगरचे अहिल्यानगर झाले, महाल मात्र चांदबिबीचाच राहिला.

घरी दादी सांगायची, शिसे संपले तेव्हा बिबीने तोफांत सोन्याचांदीचे गोळे भरले. गोष्ट खरी की खोटी, मला त्याची पर्वा नव्हती. आता वाटते, या गोळ्यांच्या धुरात खरी बाई दिसेनाशी झाली.

ती हुसेन निजामशहाची मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, सोबत आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला. १५८० मध्ये अलीचा खून झाला. गादीवर आला नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम आणि कारभार आला चांदबिबीकडे. किश्वरखान या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले; तिथूनही ती सुटून परतली. हाच इब्राहिम पुढे 'किताब-ए-नवरस' लिहिणारा कवी सुलतान झाला.

पुढे ती माहेरी आली, तर तिथे वारसांची भांडणे. तिने भावाच्या तान्ह्या नातवाला, बहादूरला, गादीवर धरले. म्हणजे दोन्ही वेळा राज्य राखले ते दुसऱ्यांच्या लेकरांसाठी. स्वतःचे मूल नव्हते.

१५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद चालून आला. बरोबर खानखानान अब्दुर्रहीम, म्हणजे आपण शाळेत ज्याचे दोहे पाठ केले तोच रहीम! (कवीही वेढे घालतात, हे आम्हा कवींनी विसरू नये.) मुघलांनी तटाखाली सुरुंग पेरले. काही आतल्या लोकांनी शोधून निकामी केले, पण एकाने तटाला खिंडार पाडले. बुरखा घेऊन, हाती तलवार धरून ती तिथे उभी राहिली आणि रातोरात तट बांधून काढला. तिकडे विजापूरची फौज मदतीला निघाली होती, ती पाठवणारा तिने सांभाळलेला इब्राहिमच.

इथवरचे आपल्याला माहीत असते. त्यानंतर तिने तह केला, वऱ्हाड दिले आणि नगर वाचवले, हे मात्र घाईत सांगितले जाते. हरल्यासारखे वाटते ना! पण चार वर्षे मिळाली ती त्या तहानेच.

१६०० मध्ये शहजादा दानियाल आला. आता किल्ला टिकणार नाही, हे तिने ओळखले. तिचा विचार होता, किल्ला सोडावा, पण बहादूरला सुखरूप जुन्नरला न्यावे. 'बिबी फितूर झाली' अशी हाकाटी तिच्याच सरदारांपैकी एकाने उठवली आणि किल्ल्यातल्याच लोकांनी तिला महालात घुसून मारले. थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, मुघल आत शिरले. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.

त्यानंतर मलिक अंबरने काय केले? नगर बाजूला ठेवून दुसरा वारस उभा केला आणि काही वर्षांत राजधानी नेली ती जुन्नरलाच. त्याला आपण मुत्सद्दी म्हणतो, आणि योग्यच म्हणतो.

पुण्याला जाताना नारायणगावला जुन्नरचा फाटा लागतो. तिथे चहाला उतरलो की माझ्याच वयाची, पन्नाशीची ती बाई आठवते. तटावर तलवार घेऊन उभी असलेली नव्हे; कडेचे पोर घेऊन या वाटेला लागू पाहणारी.