वसईच्या दफ्तरात नसलेले दुखणे

वसईचा इतिहास लिहावयाचा म्हणजे किल्ल्यापासून आरंभ करावयाचा, असा आपल्याकडील प्रघात आहे. आणि १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेलेला हा मुलूख १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी जिंकला, व १८०२ अखेरच्या तहाने पेशवाई इंग्रजांच्या दावणीला बांधली गेली ती याच गावाच्या नावाने, हे ध्यानी घेता तो प्रघात अगदीच निराधार नाही. परंतु दफ्तर राखणाऱ्याने आपल्या कामापुरतेच नोंदवावे, हा सर्व राजवटींचा शिरस्ता. सरसुभ्याच्या कारकुनांनी जमाबंदी लिहिली, १८८२ च्या ठाणे गॅझेटियरने भात, मीठ, पानमळे आणि केळी यांचा सविस्तर वृत्तांत दिला. मात्र महिन्याच्या महिन्याला ओटीपोट दाबून धरणाऱ्या बाईसाठी कोणीही रकाना आखला नाही.

ते दुखणे अज्ञात होते असे मात्र नव्हे. चरकाने वर्णिलेल्या वीस योनिव्यापदांत उदावर्तिनीचा निर्देश आहे, आणि तीत रजःप्रवृत्तीच्या वेळच्या वेदनेचे वर्णन इतके नेमके आहे, की ते रुग्णेच्या तोंडून ऐकूनच लिहिले असावे असे वाटते. घरात तेवढे ऐकून घेण्याची रीत नव्हती. ‘बायकांना हे असायचेच’ या एका वाक्यावर तक्रार निकालात निघे, आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी सुरू झाल्यावर पहाटेच्या अंधारात भाजी, फुले वा पाने यांची टोपली घेऊन मुंबई गाठणारी बाई पाळीच्या दिवसांतही तीच टोपली उचलीत असे, कारण बाजार पाळी पाहून भरत नाही.

अशा दुखण्यामागे असू शकणाऱ्या एका व्याधीची ओळख पाश्चात्त्य वैद्यकालाही उशिराच पटली. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजते, हे रोकितान्स्की याने १८६० साली पाहिले, आणि अमेरिकेतील जॉन सॅम्पसन याने १९२१ साली बीजकोशातील तपकिरी रक्ताने भरलेल्या गाठींचे वर्णन करून १९२७ मध्ये या व्याधीस ‘एंडोमेट्रिओसिस’ या नावाने रूढ केले. पाळीचे काही रक्त उलटे वाहून बीजवाहिन्यांतून उदरात शिरते, ही त्याची उपपत्ती आजही प्रमुख मानली जाते, जरी तिने सर्व प्रकरणांचा उलगडा होत नाही. उपाय मात्र एकच दिसे : उदर उघडावयाचे आणि गर्भाशय काढावयाचे. त्यासाठी वसईच्या रुग्णेस मुंबईच गाठावी लागे. कारण १८८६ साली सुरू झालेले, स्त्री-डॉक्टरांनी चालविलेले कामा रुग्णालय आणि १९२६ चे परळचे वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही खाडीपलीकडे होती. वसईत सर डी. एम. पेटिट यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले, तरी अवघड शल्यकर्मासाठी मुंबईकडे पाहण्याची सवय दीर्घकाळ टिकली.

लहान छेदातून उदरात घालावयाची दुर्बीण (लॅपरोस्कोप) आपल्या खेड्यापाड्यांत आली ती या दुखण्यासाठी नव्हे, हे या इतिहासातील सर्वांत मार्मिक प्रकरण होय. शासनाला कुटुंबनियोजनाचा आकडा हवा होता. म्हणून १९७० नंतरच्या काळात बीजवाहिन्यांवर कडी बसविण्याची शिबिरे भरू लागली, आणि मुंबईच्या डॉ. पी. व्ही. मेहता यांनी १९८१ साली ग्रामीण शिबिरांतील १०,१०० स्त्रियांवरील अशा शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याच दुर्बिणीतून पाहणाऱ्यास चिकटलेली आतडी आणि निळसर-काळे ठिपके दिसू शकत होते. पण शिबिराला त्यांची मोजदाद करावयाची नव्हती. ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हा शब्द बायकांच्या तोंडी बसला तो मूल बंद करण्याच्या अर्थाने.

पुढे १९८८ साली पेन्सिल्व्हेनियात हॅरी राइख याने दुर्बिणीच्या साहाय्याने पहिले गर्भाशय काढले, आणि १९९० साली मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी याच पद्धतीने पित्ताशय काढून भारतात नव्या शल्यतंत्राचा पाया घातला. गर्भाशयाच्या अशा शस्त्रक्रियेत बेंबीजवळ सुमारे एक सेंटिमीटरचा छेद घेतात, कार्बन डायऑक्साइड भरून उदर फुगवितात, आणि कॅमेरा आत जाताच पडद्यावर जे उघडते ते उघड्या शल्यक्रियेत डोळा इतक्या जवळून क्वचितच पाहतो : बीजकोश गर्भाशयामागे एकमेकांस चिकटलेले, त्यांतील गाठ फुटताच ओघळणारे दाट, चॉकलेटी रक्त, आणि या चिकटलेल्या अवयवांआड दडलेली मूत्रवाहिनी. ती आधी शोधून मोकळी करावयाची, मग गर्भाशयाची धमनी विद्युत्-चिमट्याने बंद करावयाची, आणि सुटलेली गर्भपिशवी योनिमार्गे बाहेर काढावयाची, हा क्रम चुकला तर इजेचा धोका मोठा. पोटावर छेद न घेता योनिमार्गेच गर्भाशय काढण्याची जुनी रीतही मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनी निष्ठेने वाढविली होती. परंतु जेथे सारे अवयव चिकटलेले, तेथे न पाहता हात घालणे धोक्याचे, म्हणून या व्याधीत दुर्बिणीला विशेष मान मिळाला.

येथेच सावधगिरीची गरज आहे. व्याधी गर्भाशयाबाहेर असताना केवळ गर्भाशय काढल्याने ती निर्मूल होईल असे नाही. रुजलेली ऊती मागे राहिली तर दुखणे परतू शकते, आणि ती समूळ काढावयाची म्हणून दोन्ही बीजकोश तरुणपणीच काढले तर अकाली रजोनिवृत्ती येऊन हाडे ठिसूळ होऊ शकतात. ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला किती सैलपणे दिला जातो, हे बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रकरणाने २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत पोहोचविले. जिल्ह्यातील तीन वर्षांच्या ४,६०५ गर्भाशय-शस्त्रक्रियांचा आकडा तेथे मांडला गेला. छेद लहान झाल्याने असा निर्णय आणखी सोपा वाटू लागावा, हे संकट नवे आहे.

२००९ साली महानगरपालिका आणि २०१४ साली पालघर जिल्हा झाल्यावर वसई-विरारच्या रुग्णेला प्रत्येक उपचारासाठी खाडी ओलांडणे अनिवार्य राहिलेले नाही. मात्र शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी तिने डॉक्टरांना निःसंकोच विचारावे : व्याधी नेमकी कोठे पसरली आहे, ती सारी काढली जाणार की गर्भाशयच, बीजकोश राखता येतील काय, आणि मूल हवे असल्यास औषधाने वा केवळ गाठ काढून भागेल काय. या प्रश्नांची सरळ उत्तरे जो देतो, त्याच्या हाती दुर्बीण द्यावी.