होडीवरची माडी

घर दुरुस्त करण्याची हौस हा आपला, मध्यमवर्गीयांचा, जुना आजार आहे. दिवाळीची चार दिवस सुट्टी लागली, की एरवी पेन्सिलीला टोक काढताना बोट कापून घेणारा गृहस्थ हातोडी घेऊन भिंतीवर चाल करून जातो. घर जमिनीवर असलं तर फार तर खिळ्यासकट पलिस्तर खाली येतं. बायको चार शब्द सुनावते आणि प्रकरण मिटतं. पण घर जर पाण्यावर तरंगत असेल, तर तपासणीला बायको येत नाही, खुद्द निसर्ग येतो. आणि निसर्ग काही आमच्या बँकेच्या ऑडिटरसारखा नाही. तो चहा घेत नाही.

मी बी.कॉम. पदार्थविज्ञानाशी असलेलं माझं नातं शाळेतच तुटलं. तरी होडीचं शास्त्र मला चटकन कळलं, कारण ते दुहेरी नोंदीच्या पद्धतीनं चालतं. वर ओझं मांडलंत, की तळाशी त्याची नोंद करावीच लागते. नाही केलीत, तर होडी आपला ताळेबंद आपणच जुळवून घेते. उलटी होऊन.

हा हिशेब भल्याभल्यांना चुकलेला आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी दोन वर्षं, म्हणजे १६२८ साली, स्वीडनच्या गुस्ताव अडोल्फ राजानं 'वासा' नावाची युद्धनौका सजवून घेतली. तोफा चौसष्ट, तोफांचे मजले दोन, नक्षीकाम तर विचारूच नका. राजा परदेशी लढाईवर होता आणि तिथून त्याचे तगादे चालू होते. बंदरात चाचणी म्हणून तीस खलाशांना या काठापासून त्या काठापर्यंत पळायला लावलं. तिसऱ्या फेरीला जहाज इतकं डोलू लागलं, की अधिकाऱ्यांनी ताबडतोब थांबवली. काय? चाचणी! १० ऑगस्टला जहाज निघालं, जेमतेम तेराशे मीटर गेलं, वारा लागला, कलंडलं आणि तोफांच्या खिडक्यांतून पाणी पिऊन तळाला गेलं. सुमारे तीस माणसं गेली. १९६१ साली ते वर काढलं. पुढे त्यात सुतारांच्या मोजपट्ट्या मिळाल्या. कुणाचा फूट बारा इंचांचा, तर कुणाचा अकरा! बुडाल्यावर चौकशी झाली होतीच. त्यात कुणीही दोषी ठरलं नाही. कचेरीची परंपरा किती पुरातन आहे पाहा.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. तिथे 'ईस्टलँड' नावाची प्रवासी बोट होती. तिच्या कुजलेल्या लाकडी जमिनीवर उपाय म्हणून काँक्रीट ओतलं. 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर आलेल्या कायद्यामुळे १९१५ साली वर आणखी जीवरक्षक होड्या चढवल्या. हेतू केवढा चांगला! पण बोट मुळातच डोक्यानं जड. २४ जुलै १९१५ रोजी शिकागोच्या धक्क्याला बांधलेली असतानाच ती आडवी झाली आणि ८४४ माणसं गेली. सहलीला निघाली होती बिचारी.

आता आमच्या उजनीकडे येऊ. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. काठावरची गावं उठून वर सरकली. काहींची तर दोन-दोन झाली आणि पुढे नंबर लागले. केत्तूर नंबर एक, केत्तूर नंबर दोन, अगदी खात्यांसारखे. धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. पैकी ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरची. म्हणून उन्हाळ्यात 'उजनी उणे' अशी बातमी येते. ओव्हरड्राफ्टवर चालणारं एवढं मोठं खातं मी नोकरीत दुसरं पाहिलं नाही. पाणी फारच उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ वर डोकावतं आणि लोक बघायला जातात. आपापली घरं कुठे होती, तेही बोटानं दाखवतात.

अशा या गावांत कुळवाचं रुमणं धरणाऱ्या हातांना एका पिढीत वल्हं धरावं लागलं. आमचे दाजी त्यांतले. त्यांचा वाडा पाण्याखाली गेला. वडिलांनी बैलगाडीत घालून आणलं ते फक्त सागवानी दार. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्याची मंडळी येऊ लागली, तशी दाजींनी पत्र्याची होडी घेतली आणि घरीच सुधारणा काढल्या. अँगलची चौकट उभी केली आणि पाहुण्यांना उंचावरून पक्षी दिसावेत म्हणून तिच्यावर तेच दार आडवं टाकून नटबोल्टनं आवळलं.

मी म्हटलं, "दाजी, वर जड होतंय."

"पाव्हणं, वाड्याला माडी हुती. हुडीला का नको?"

यावर कुठलं लेजर उघडणार? कंबरभर पाण्यात उद्घाटन झालं. दाजी माडीवर चढले. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "त्ये बघा रोहित!" पोरं एका अंगाला धावली आणि 'वासा'चा इतिहास सोलापूर जिल्ह्यात पुन्हा घडला. होडी उलटली, बोल्ट निसटले, अँगल बुडाले. सागवान मात्र तरंगलं. दाजी त्याला मिठी मारून वाऱ्याबरोबर जुन्या गावठाणाच्या दिशेनं निघाले. काठावरून अक्का ओरडत होती, "दार सोडू नका! मामंजींचं दार हाय ते!"

सगळे हसलो, कारण पाणी कंबरभर होतं. ते दर वेळी तेवढंच असतं असं नाही. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सातांपैकी एकजण पोहून काठाला लागला, सहाजण गेले. त्यांत लहान मुलंही होती. या काठावरून समोरच्या काठावर, एवढाच तो प्रवास. रस्त्यानं जायचं तर भलामोठा वळसा पडतो. म्हणून तिथे होडी हीच एस.टी.

ज्यांची घरं पाण्याखाली आहेत, त्यांनी पाण्यावर माडी बांधण्याची स्वप्नं पाहू नयेत, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? बँकेतला माणूस एवढंच सांगू शकतो, की खात्यात किमान शिल्लक ठेवा. वजन तळाशी असू द्या, वारा सुटला तर काठावरच थांबा आणि जाकिटाचा बंद होडीत पाय ठेवण्याआधी बांधा.