मे महिन्यातलं मतदान

माझी मुलगी ज्या प्राथमिक शाळेत शिकली तिचं नाव ॲरिझोना फ्लेमिंग एलिमेंटरी. टेक्ससच्या फोर्ट बेंड काउंटीत आम्ही नवीन होतो. ॲरिझोना हे राज्याचं नाव आणि फ्लेमिंग हे कुणा देणगीदाराचं आडनाव, असं मी मनाशी धरून चालले होते. दोन वर्षं रोज त्या पाटीसमोर गाडी थांबवली. मग एके दिवशी मुलीनंच विचारलं, "आई, ही ॲरिझोना बाई कोण होती?" मला उत्तर देता येईना. शनिवारी आम्ही दोघी रिचमंडच्या जॉर्ज मेमोरियल लायब्ररीत गेलो. ती तासाभरात कंटाळून चित्रांच्या पुस्तकांकडे वळली. मी संध्याकाळपर्यंत बसून राहिले, आणि त्यानंतर कित्येक शनिवार तिथे गेले.

रिचमंड हे आमच्या काउंटीचं मुख्य गाव. ब्राझोस नदीच्या काठची ही सगळी काळी, ओल धरणारी जमीन. इथे ऊस आणि कापूस पिकवायला गुलाम आणले गेले, म्हणून गुलामी संपली तेव्हा काउंटीत गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय कितीतरी जास्त होते. त्यांना मताचा अधिकार मिळाला आणि त्यांनी तो लगेच वापरला. वॉल्टर मोझेस बर्टन हा माणूस गुलाम म्हणून इथे आणला गेला होता. १८६९ साली याच काउंटीनं त्याला शेरीफ म्हणून निवडून दिलं आणि पुढे तो टेक्ससच्या सिनेटमध्ये बसला. ज्या रस्त्यानं मी भाजी आणायला जाते त्या रस्त्यावर दीडशे वर्षांपूर्वी कायदा एका मुक्त झालेल्या गुलामाच्या हातात होता, हे कळल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

ते फार दिवस टिकलं नाही. काळ्या मतदारांच्या पाठिंब्यावर निवडून येणाऱ्या थोड्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा एक गट होता, त्याला 'वुडपेकर', म्हणजे सुतारपक्षी, म्हणत. त्यांच्या विरोधात बहुसंख्य गोरे, ते 'जेबर्ड'. जेबर्ड हा कावळ्याच्या कुळातला निळा, भांडखोर पक्षी. १८८८ साली खुनाखुनी सुरू झाली. त्या सप्टेंबरात जेबर्ड मंडळींनी सभा भरवून काही काळ्या पुढाऱ्यांना ठरलेल्या तासांच्या आत काउंटी सोडायला फर्मावलं. चार्ल्स फर्ग्युसन हा निवडून आलेला कोर्टाचा कारकून त्यांच्यातच होता, तो गेला. १६ ऑगस्ट १८८९ रोजी रिचमंडच्या कोर्टाजवळ भर रस्त्यात दोन्ही गटांत गोळीबार झाला, शेरीफ गार्वी मारला गेला, गव्हर्नर सल रॉस स्वतः फौज घेऊन आला. ऑक्टोबरात विजेत्यांनी आपली संघटना उभी केली: जेबर्ड डेमोक्रॅटिक ऑर्गनायझेशन ऑफ फोर्ट बेंड काउंटी.

बंदुकीनं मिळवलेलं कागदावर कसं राखायचं, हे या संघटनेला पक्कं ठाऊक होतं. ते सांगण्याआधी प्रायमरी म्हणजे काय ते सांगायला हवं. मी अप्पांना, माझ्या वडलांना, फोनवर सांगितलं होतं तसंच सांगते. अप्पा कराडजवळच्या एका गावात शिक्षक होते, प्रत्येक निवडणुकीला त्यांना मतदान केंद्रावर ड्यूटी असायची. मी म्हटलं, "अप्पा, आपल्याकडे तिकीट कुणाला ते पक्षश्रेष्ठी ठरवतात. इथे तेही मतदारच मत देऊन ठरवतात. ती प्रायमरी. खरी निवडणूक पुढे नोव्हेंबरात." अप्पा म्हणाले, "पण बाई, आमच्या उमेदीत तिकीट मिळालं की माणूस आमदार झालाच समजायचे. मग खरी निवडणूक कुठली?"

तेव्हाच्या टेक्ससचं वर्म त्यांनी बरोबर पकडलं होतं. १९व्या शतकाच्या अखेरीपासून पुढची पन्नास-साठ वर्षं टेक्ससात डेमोक्रॅटिक पक्षाला टक्कर देणारं कुणी नव्हतं. डेमोक्रॅटिक तिकीट म्हणजे निवडून येणंच. तेव्हा नोव्हेंबरात काळ्या माणसाला मत देऊ दिलं तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं, प्रायमरीच्या दारात त्याला अडवलं की झालं. आधी मतासाठी कर बसवला, पोल टॅक्स. १९०२ साली तो राज्यघटनेत गेला. मग १९२३ साली टेक्ससच्या विधिमंडळानं सरळ कायदाच केला की डेमोक्रॅटिक प्रायमरीत कोणत्याही परिस्थितीत निग्रो मतदार चालणार नाही.

त्याच १९२३ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. थिंड यांची बाजू मांडणाऱ्या वकिलाचं नाव सखाराम गणेश पंडित. अहमदाबादेत जन्मलेला हा माणूस. त्याचं नाव इंग्रजी पानावर वाचताना मला घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. सरकारनं पुढे पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायचा प्रयत्न केला. ते स्वतःसाठी लढले आणि जिंकले. बाकीच्या हिंदुस्थानी लोकांना १९४६ पर्यंत थांबावं लागलं. मी आज इथली मतदार आहे ती त्या १९४६ च्या कायद्यामुळे आणि त्यानंतर सैल होत गेलेल्या कायद्यांमुळे. त्यामुळे काळ्या माणसांच्या या खटल्यांकडे मला परक्याची गोष्ट म्हणून बघता येत नाही.

एल पासोमध्ये डॉ. लॉरेन्स निक्सन नावाचे कृष्णवर्णीय डॉक्टर होते. जुलै १९२४ मध्ये पोल टॅक्स भरल्याची पावती घेऊन ते प्रायमरीच्या केंद्रावर गेले. केंद्रावरचे अधिकारी त्यांना ओळखत होते. मत देता येणार नाही हे दोन्ही बाजूंना माहीत होतं, तरी डॉक्टरांना मागायचंच होतं, कारण नकाराशिवाय खटला उभा राहत नाही. १९२७ साली ते सर्वोच्च न्यायालयात जिंकले. टेक्ससनं कायदा बदलला: आता राज्य काही म्हणत नाही, पक्षाच्या कार्यकारिणीनं ठरवावं. डॉक्टर पुन्हा गेले, पुन्हा नकार, पुन्हा खटला, आणि १९३२ च्या मे महिन्यात पाच विरुद्ध चार मतांनी ते पुन्हा जिंकले. त्याच महिन्यात पक्षाच्या राज्य अधिवेशनानं ठराव केला की पक्षाचे सभासद फक्त गोरे. ह्यूस्टनचे एक न्हावी, आर. आर. ग्रोव्ही, त्यावर कोर्टात गेले आणि १९३५ साली एकमतानं हरले. पक्ष ही खासगी संस्था, तिनं कुणाला घ्यावं हा तिचा प्रश्न, असं न्यायालय म्हणालं. शेवटी ह्यूस्टनचेच दंतवैद्य लॉनी स्मिथ यांचा खटला थर्गुड मार्शल यांनी लढवला आणि ३ एप्रिल १९४४ रोजी गोऱ्यांची प्रायमरी घटनाबाह्य ठरली. त्या उन्हाळ्यात डॉ. निक्सन यांनी प्रायमरीत मत दिलं. पहिल्या नकाराला वीस वर्षं झाली होती.

आमच्या काउंटीत मात्र या निकालानं काही हललं नाही. कारण जेबर्ड मंडळींची स्वतःची, प्रायमरीच्याही आधीची निवडणूक होती.

ती मे महिन्यात व्हायची. काउंटीच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक गोरा माणूस आपोआप जेबर्ड. अर्ज नाही, शपथ नाही. मतपेटी असे, मतपत्रिका असत, खर्च उमेदवारांकडून गोळा होई. मे महिन्यात जिंकलेला उमेदवार मग आपल्या एकट्याच्या नावानं डेमोक्रॅटिक प्रायमरीत अर्ज भरी. तिथल्या मतपत्रिकेवर जेबर्ड हा शब्दही नसे. त्याच्या विरुद्ध बहुधा कुणी उभंच राहत नसे. जुलैत तो जिंके, नोव्हेंबरात जिंके. जुलै-नोव्हेंबरची दारं १९४४ नंतर काळ्या मतदारांना उघडी झाली होती, पण आत गेल्यावर मतपत्रिकेवर एकच नाव. साठ वर्षं, मोजके अपवाद सोडले तर, काउंटीची सगळी पदं अशीच भरली गेली.

१९५० साली तिघांनी यावर खटला भरला: जॉन टेरी, विली मेल्टन आणि ॲरिझोना फ्लेमिंग. ॲरिझोनाबाई तेव्हा साठी उलटलेल्या होत्या. शिवणकामात हात बसलेला, रिचमंडमध्ये आपल्या पायावर उभ्या. ज्या गावात शेरीफपासून कर गोळा करणाऱ्यापर्यंत प्रत्येक अधिकारी जेबर्डांनी निवडलेला, त्या गावात एका काळ्या बाईनं फिर्यादीत आपलं नाव घालायचं म्हणजे काय, ते मी अनेकदा मनात आणून पाहिलं आहे. उद्या सकाळी दळणाला, दुकानाला, चर्चला त्याच गावातून चालत जायचं असतं.

खालच्या कोर्टात त्या जिंकल्या, वरच्यात हरल्या. ४ मे १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. काळ्यांना दूर ठेवणं हाच संघटनेचा हेतू असल्याचं संघटनेच्या अध्यक्षांच्या साक्षीतूनच बाहेर आलं होतं. मुख्य निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी. हे गृहस्थ तरुणपणी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेचे सभासद होते. त्यांचं म्हणणं असं की काउंटीवर राज्य कोण करणार हे ज्या टप्प्यावर ठरतं तो टप्पा मे महिन्याचा आहे, आणि तिथून माणसाला रंगावरून हाकलता येणार नाही.

विरोधात एकटे होते न्यायमूर्ती शर्मन मिंटन. त्यांचा आक्षेप मला बरेच दिवस सतावत होता. चार लोक खासगीत जमतात, आपला उमेदवार ठरवतात, त्याच्या मागे उभे राहतात. असे दबावगट सगळीकडे असतात, मग सरकारचा त्याच्याशी संबंध काय? हा प्रश्न मला लागतो, कारण आम्हीही तेच करतो. प्रायमरीच्या आधी कुणाच्या तरी दिवाणखान्यात आपली माणसं जमतात, मराठी, गुजराती, तेलुगू, आणि चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत कुणीतरी म्हणतंच, "मत आपल्या माणसालाच." मीही अशा बैठकांना गेले आहे. बराच विचार करून मी माझ्यापुरतं उत्तर शोधलं. आमच्या दिवाणखान्यात ठरलेलं नाव पुढे प्रायमरीत हरू शकतं, आणि हरलं आहेही. जेबर्डांचं मे महिन्यातलं नाव हरू शकत नव्हतं, कारण बंदुकीच्या जोरावर पुढची सगळी दारं त्यांनी आधीच ताब्यात घेतली होती. पण 'आपला माणूस' हे शब्द मी आता बैठकीत उच्चारत नाही. तो माणूस शाळांच्या निधीबद्दल, पुराच्या पाण्याबद्दल काय म्हणतो, ते विचारते.

अप्पांना मी ही सगळी कहाणी दोन-तीन फोनमध्ये सांगितली. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "आपल्याकडे पण प्रायमरी होती. पुणे करारात." मी चाट पडले. शाळेत पुणे करार शिकले होते, येरवडा, उपोषण, सप्टेंबर १९३२. पण त्याचं दुसरं कलम कुणी समजावून सांगितलं नव्हतं. राखीव १४८ जागांपैकी प्रत्येकीसाठी आधी फक्त अस्पृश्य वर्गाच्या मतदारांनी मत द्यायचं आणि चार उमेदवार निवडायचे. मग त्या चौघांतून एकाला सगळ्या मतदारांनी मिळून निवडायचं. करारात त्याला प्रायमरी इलेक्शन असंच म्हटलं आहे, आणि मुदत दहा वर्षांची.

डॉ. निक्सन यांचा दुसरा विजय आणि टेक्ससचा गोऱ्यांचा ठराव त्याच वर्षीच्या मे महिन्यातला, पुणे करार सप्टेंबरातला. टेक्ससात पहिल्या फेरीतून दुबळ्यांना बाहेर काढलं. पुण्यात पहिली फेरी दुबळ्यांना दिली, आणि शेवटची संख्येनं मोठ्या असलेल्यांच्या हाती ठेवली. चौघांत चौथा आलेलाही शेवटच्या फेरीत सवर्णांच्या मतांवर पहिला येऊ शकत होता. १९४६ साली नेमकं हेच डॉ. आंबेडकर प्राथमिक फेरीचे आकडे पुढे ठेवून सांगत होते, की अस्पृश्यांनी स्वतः कुणाला निवडलं ते पाहायचं असेल तर पहिली फेरी पाहा. त्याच वर्षी त्यांनी न्यूयॉर्कला कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या निग्रोंच्या आणि आपल्या लोकांच्या स्थितीत खूप साम्य आहे, असं त्यांनी त्यात म्हटलं होतं. अप्पा गेले त्याला आता सहा वर्षं झाली. हा धागा त्यांनी हातात दिला नसता तर मला तो सापडला नसता.

जेबर्ड संघटना १९५९ साली विसर्जित झाली. त्यांच्या मेलेल्या माणसांसाठी १८९६ साली उभारलेलं स्मारक रिचमंडमध्ये शंभराहून अधिक वर्षं उभं होतं. वुडपेकरांच्या मेलेल्यांसाठी, हाकलून दिलेल्या काळ्या कुटुंबांसाठी मला तिथे काही दिसलं नाही. २०१८ साली आमच्याच काउंटीतल्या शुगरलँडमध्ये शाळेच्या इमारतीसाठी खोदकाम करताना ९५ माणसांचे सांगाडे सापडले, उसाच्या मळ्यांवर भाड्यानं दिलेल्या कैद्यांचे, जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. त्या जागेवरून मी आठवड्यातून दोनदा जाते.

नागरिक झाल्यापासून मी दर प्रायमरीला मतदान केंद्रावर क्लार्कचं काम करते. टेक्ससमध्ये आता प्रायमरी मार्चमध्ये असते आणि मतदाराला आधी पक्ष नोंदवावा लागत नाही. टेबलाशी आला की मी ओळखपत्र पाहते, यादीत नाव शोधते आणि विचारते, "डेमोक्रॅटिक की रिपब्लिकन?" यादी वरखाली करताना नावं सरकत जातात: वॉशिंग्टन, गार्सिया, नुयेन, पटेल, जॉन्सन, कुलकर्णी. कुणाचं स्पेलिंग जुळलं नाही तर मी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा शोधते. मागची रांग वैतागली तरी शोधते.

संध्याकाळी सातला केंद्र बंद होतं, पण सातच्या आत रांगेत लागलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. त्यासाठी सातच्या ठोक्याला एक क्लार्क बाहेर जाऊन शेवटच्या माणसाच्या मागे उभी राहते. ते काम मी मागून घेते. बाहेर पार्किंगमध्ये अंधार पडलेला असतो, पुढे बारा-पंधरा पाठी असतात, आणि शेवटचा माणूस आत जाईपर्यंत मी रांगेबरोबर एकेक पाऊल पुढे सरकत राहते.