जलपरीक्षा आणि एका विद्यार्थिनीचे संशोधन

मॅसॅच्युसेट्समध्ये १८६९ साली राज्य आरोग्य मंडळ स्थापन झाले. नद्या व तळी यांच्या पाण्याची रासायनिक परीक्षा करण्याचे त्या मंडळाचे काम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्रा. विल्यम निकोल्स यांच्याकडे आले. त्यांनी साहाय्यास घेतलेली एलेन स्वॅलो ही तेव्हा तेथेच रसायनशास्त्राच्या पदवीचा अभ्यास करीत होती.

तिचे स्थान मोठे चमत्कारिक होते. १८७० मध्ये तिला 'विशेष विद्यार्थिनी' म्हणून विनाशुल्क प्रवेश मिळाला. हे औदार्य नव्हते. कोणी आक्षेप घेतल्यास ती संस्थेची विद्यार्थिनीच नव्हे, असे सांगण्याची ती सोय होती. १८७३ मध्ये तिला पदवी मिळाली. डॉक्टरेटचे द्वार मात्र बंदच राहिले.

तथापि निकोल्स यांच्या हाताखाली मिळालेले शिक्षण वाया गेले नाही. १८८७ मध्ये टॉमस ड्राउन यांच्या नेतृत्वाखाली राज्यव्यापी जलपाहणी सुरू झाली, तेव्हा हजारो नमुन्यांच्या पृथक्करणाचा भार एलेन रिचर्ड्स (विवाहोत्तर नाव) यांनी वाहिला. समुद्रापासून जसजसे दूर जावे तसतसे निर्मळ पाण्यातील क्लोराइडचे प्रमाण घटते, हे या पाहणीतून नकाशावर रेखाटले गेले. एखाद्या स्थळी ते नैसर्गिक प्रमाणाहून अधिक आढळल्यास सांडपाण्याचा संशय घेण्यास आधार मिळाला.

विद्यार्थिदशेतील संशोधन म्हणजे केवळ हातकाम नव्हे, याचे हे प्रकरण साक्ष देते. जिचे विद्यार्थिनीपण नाकारण्याची तरतूद संस्थेने करून ठेवली होती, तीच १८८४ पासून १९११ मधील मृत्यूपर्यंत तेथे आरोग्यरसायन शिकवीत राहिली.