मेरुरज्जूच्या इजेनंतरचे तापमान-नियमन

मेरुरज्जूला इजा झाल्यानंतर शरीराचे तापमान स्थिर राखण्याची क्षमता कमी होते. मेंदूतील हायपोथॅलॅमसचे आदेश इजेच्या खालच्या भागात पोहोचत नाहीत. तेथे पुरेसा घाम येत नाही, त्वचेतील रक्तवाहिन्या गरजेनुसार आकुंचन-प्रसरण पावत नाहीत आणि थंडीत कापरे भरत नाही. इजा मानेत किंवा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असल्यास हा दोष तीव्र असतो. अशा व्यक्तीचे तापमान परिसरानुसार चढते-उतरते, त्यामुळे उन्हाळ्यातील प्रत्येक ताप जंतुसंसर्गाचाच असतो असे नाही.

खानदेशातील हवामान

जळगाव व धुळे जिल्ह्यांत मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सिअसच्या वर जातो. भुसावळ तर उन्हासाठीच ओळखले जाते. हवा त्वचेपेक्षा उष्ण असताना नुसता पंखा अंगावर गरम वाराच घालतो. अंगावर पाणी फवारून किंवा ओला पंचा मानेभोवती गुंडाळून वारा घेतल्यास ते पाणी घामाचे काम करते. हवा कोरडी असल्याने वाळ्याचा कूलरही येथे चांगला चालतो. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा गुण ओसरतो. पाणी अधिक प्यावे लागते, मात्र ठरावीक वेळी नळीने लघवी काढणाऱ्यांना त्या वेळाही त्यानुसार बदलाव्या लागतात.

हिवाळ्यात धुळ्याचे किमान तापमान १० अंशांखाली उतरते. संवेदना गेलेल्या पायांना शेकोटीची झळ किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा चटका कळत नाही, आणि भाजलेली जागा भरून येण्यास फार वेळ लागतो. उन्हात तापलेले चाकाच्या खुर्चीचे रेक्झिनही असेच नकळत भाजते. आंघोळीचे पाणी संवेदना शाबूत असलेल्या हाताने तपासावे. मानेच्या इजेत ते दुसऱ्या व्यक्तीने पाहावे.