वचन आणि वसुली : सैनिकाच्या वेतनाचा व निवृत्तीचा इतिहास

१/
इसवी सन १४. ऱ्हाइन नदीकाठच्या रोमन छावणीत बंड पेटले आहे. सेनापती जर्मॅनिकस समजूत घालण्यास येतो. काही वृद्ध सैनिक चुंबनाच्या मिषाने त्याचा हात धरतात आणि बोटे आपल्या तोंडात घालतात. आत दात नाहीत, नुसत्या हिरड्या! हा प्रसंग रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवला आहे. दात पडले, तरी या सैनिकांची सेवा संपली नव्हती.

२/
सैनिकाला किती मिळत होते, हे पाहणे सोपे असते. पण रोम, मराठी स्वराज्य, इंग्लंड आणि अमेरिका यांचे हिशेब शेजारी शेजारी मांडले, की दुसरा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो : वचन दिल्यापासून पैसा हाती पडेपर्यंत वाट कोणी पाहायची? राज्याने की सैनिकाने?

३/
रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळात निवृत्त सैनिकाला जमीन मिळणे हे त्याच्या सेनापतीच्या वजनावर अवलंबून असे. साहजिकच सैनिकाची निष्ठा रोमपेक्षा सेनापतीशी जडली आणि यादवी युद्धांना बळ मिळाले. सम्राट ऑगस्टसने ही नाळ तोडण्याचे ठरवले. इ. स. ५ मध्ये सेवेची मुदत २० वर्षे आणि निवृत्तीची रक्कम १२,००० सेस्टर्स ठरली. वार्षिक वेतन ९०० सेस्टर्स होते. म्हणजे तेरा वर्षांहून अधिक वेतन एकरकमी! सम्राटाच्या अंगरक्षक दलाला तर १६ वर्षांनी २०,००० सेस्टर्स मिळत.

४/
एवढा पैसा आणायचा कोठून? इ. स. ६ मध्ये ऑगस्टसने स्वतंत्र लष्करी खजिना स्थापन केला. त्यात स्वतःचे १७ कोटी सेस्टर्स घातले आणि पुढील सोय म्हणून वारसाहक्कावर ५ टक्के व लिलावातील विक्रीवर १ टक्का कर लावला.

५/
तरीही एक पळवाट उरली. रक्कम द्यायची नसेल, तर सैनिकाला निवृत्तच करायचे नाही! कोणी तीस, कोणी चाळीस वर्षे राबत राहिल्याची तक्रार होती. जमीन मिळालीच तर दलदलीची किंवा डोंगरातली. ऑगस्टसच्या मृत्यूनंतर पॅनोनिया आणि ऱ्हाइन येथील फौजा बिथरल्या. रोज एक डिनेरियस वेतन, १६ वर्षांनी सुटका आणि रोख रक्कम, अशा पॅनोनियातील मागण्या होत्या. बंडाच्या दडपणाखाली दिलेली १६ वर्षांची सवलत नवा सम्राट टायबेरियस याने लवकरच मागे घेतली. खजिन्याला ती पेलवणार नव्हती.

६/
सोळा शतकांनंतर दख्खनमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा होता. सुलतानी अमलात सरदाराला जहागीर मिळे आणि तिच्या उत्पन्नातून तो फौज पोसे. शिपायाचा अन्नदाता सरदार, राजा दूरचा. शिवाजी महाराजांनी सरकारी खजिन्यातून रोख वेतन देण्यावर भर दिला. बारगिराचा घोडादेखील सरकारचा असे.

७/
१६५९ मध्ये अफझलखानाच्या पाडावानंतर काय झाले, ते सभासद बखरीत आहे. लढाईत कामी आलेल्यांच्या मुलांचा सांभाळ झाला. ज्यांना पुत्र नव्हते, त्यांच्या विधवांना निम्मे वेतन सुरू झाले. जखमींना जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम मिळाली. येथे वाट पाहण्याचा भार राज्याने स्वतःकडे घेतला होता.

८/
ही बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिली गेली. त्याच काळात, मोगलांच्या वेढ्यात खजिना आटलेला असताना, सरदारांना वतने व सरंजाम देऊ करावे लागत होते. त्यांतला काही मुलूख तर अजून जिंकायचा होता. या आश्वासनांवर लढा तगला, हे खरे. पण रोख वेतनाची शिस्त मोडली आणि पुढे सरंजामदार प्रबळ होत गेले.

९/
त्याच शतकात युरोपात तिसरा मार्ग निघाला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७० मध्ये जखमी व वृद्ध सैनिकांसाठी पॅरिसमध्ये भव्य निवासस्थान बांधण्याचा हुकूम दिला. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनेही १६८२ मध्ये लंडनजवळील चेल्सी येथे तशीच संस्था स्थापन केली. परंतु आतल्या खाटा मोजक्या आणि निवृत्त सैनिक हजारो. बहुतेकांना घरी राहून दैनिक दराने अल्प निवृत्तिवेतन मिळे.

१०/
पहिली रक्कम हाती येण्यास वर्ष लागे. तोवर पोट कसे भरायचे? सावकाराकडे! निवृत्तिवेतन तारण ठेवून काढलेल्या कर्जाचे व्याजच रक्कम गिळून टाकी. लष्कराचा खजिनदार विल्यम पिट याने १७५४ मध्ये कायदा करवून आगाऊ रक्कम देण्याची सोय केली. आकडा तोच राहिला, फक्त तो वेळेवर मिळू लागला. सैनिकाला सावकारापासून सोडवण्यास एवढे पुरेसे होते.

११/
अमेरिकेने १९२४ मध्ये पहिल्या महायुद्धातील सैनिकांना देशातील सेवेसाठी दिवसाला १ डॉलर आणि परदेशातील सेवेसाठी सव्वा डॉलर या हिशेबाने भरपाई मंजूर केली. मात्र बहुतेकांच्या हाती प्रमाणपत्र पडले. पूर्ण रक्कम मिळणार होती १९४५ मध्ये.

१२/
मध्येच महामंदी आली. १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो बेकार माजी सैनिक वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून बसले. त्यांची मागणी एकच : ठरलेले पैसे आज द्या. १७ जून रोजी सिनेटने विधेयक फेटाळले. २८ जुलै रोजी पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक मारले गेले. त्याच दिवशी जनरल मॅकार्थरच्या फौजेने घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधुराच्या बळावर तळ उठवला. लष्कराने कालच्या लष्करालाच हुसकावले होते.

१३/
अखेर १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने मुदतीपूर्वी रक्कम दिली. दुसऱ्या महायुद्धात तर युद्ध संपण्याआधीच, २२ जून १९४४ रोजी, माजी सैनिकांसाठी कायदा झाला. शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शुल्क, घरकर्जाला सरकारची हमी आणि बेकारीत आठवड्याला २० डॉलर. १९३२ ची आठवण अजून ताजी होती.

१४/
सैनिक आपली बाजू आधी चुकती करतो. तारुण्य आणि प्रसंगी प्राण देतो. राज्याची पाळी नंतर येते, आणि नंतर येणाऱ्या पाळीत टाळाटाळीला नेहमीच जागा असते. वचन पाळायचे म्हटले, तर ते किती लांबू शकते? अमेरिकेचे यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्या युद्धातील एका सैनिकाच्या कन्येला सरकार दरमहा ७३.१३ डॉलर देत होते. ती २०२० मध्ये निवर्तली, तेव्हा ते खाते बंद झाले.